ताट समोर आहे, तरी पोरगी उपाशी का?



या पानावर सिकलसेल, रक्तक्षय, मधुमेह, रक्तदाब हे विषय नेहमी येतात. आज ज्या आजाराबद्दल लिहिते आहे त्याचं नाव काढलं की आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणी हसतात. आपल्या शरीराचा तिटकारा येणं, त्यापायी जेवण टाकणं, किंवा भसाभसा खाऊन मुद्दाम उलटी काढणं. डॉक्टर याला ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. मैत्रिणी म्हणतात, "ताई, हे श्रीमंतांच्या पोरींचे चोचले आहेत. आपल्यापुढं शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, नोकरीचा आहे, अत्याचाराचा आहे. यात कुठं वेळ घालवता?" घरातली आजी तर एका वाक्यात निकाल लावते, "आमाले खायाले भेटे नाही, अन् हिले भेटते तं हे खात नाही!"

आजीचा राग मला समजतो. तिनं दुष्काळ पाहिला आहे, दुसऱ्याच्या वावरात राबून मिळालेल्या मूठभर ज्वारीवर पोरं जगवली आहेत. पण माझं म्हणणं असं आहे की हा आजार आपल्या घरात आलेला आहे. आपल्या पोरी त्यात एकट्या पडल्या आहेत. आणि आपण उपासमार भोगलेली माणसं असल्यामुळेच तो आपल्याला लवकर ओळखू येत नाही. ताटात अन्न आहे म्हणजे भुकेचा प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो.

आजार वेगळ्या नावानं येतो

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता भिवापूर आणि आसपासच्या गावांत बायकांच्या आरोग्याचं काम करते. "माझ्या मुलीला ईटिंग डिसऑर्डर आहे" असं म्हणत एकही आई माझ्याकडे आलेली नाही. आई म्हणते, "सिस्टर, हिचं पित्त लय वाढलं." "अंगात रक्तच नाही हिच्या." "बारावीचं टेन्शन घेतलं जी." एखादी हळूच विचारते, "बाहेरचं काही असंल काय?"

आई सकाळी मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाते, दिवस मावळता परत येते. पोरगी दिवसभर काय खाते, काय टाकून देते, हे बघायला घरात कुणी नसतं. रात्री ती म्हणते, मी मैत्रिणीकडं जेवून आले. उमरेडला किंवा नागपूरला होस्टेलवर असली तर मेसचं ताट परत गेलं की नाही हे कुणालाच कळत नाही. मग एक दिवस ती चक्कर येऊन पडते. सलाईन लागतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, ती घरी येते आणि पुन्हा तेच सुरू होतं.

गोळ्या चुकीच्या नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांत सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड आहेत. जिथं इतक्या मुली फिकट आणि बारीक, तिथं आणखी एक फिकट, बारीक मुलगी कुणाच्या डोळ्यात भरणार? आपल्या विदर्भात सिकलसेल, टीबी, थायरॉईड यांची तपासणी आधी झालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी मुलगी वाळतच चालली, तर पुढचा प्रश्न विचारायला हवा: बाई, तू जेवतेस का? नसशील जेवत, तर का?

हे चोचले नाहीत

या आजाराची तीन रूपं जास्त दिसतात. पहिल्यात मुलगी जेवण कमी करत करत जवळजवळ बंद करते. हाडं दिसू लागली तरी आरशात तिला आपण जाडच दिसतो. याला अनोरेक्सिया म्हणतात. मानसिक आजारांमध्ये ज्यांत जिवाचा धोका सर्वांत जास्त, त्यांत हा येतो. दुसऱ्यात ती लपून खूप खाते आणि मग अपराधी वाटून उलटी काढते, जुलाबाच्या गोळ्या घेते किंवा दोन दिवस उपाशी राहते. याला बुलिमिया म्हणतात. हिचं वजन बहुतेक वेळा नेहमीसारखंच असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. तिसऱ्यात ताबा सुटल्यासारखं खाणं होतं, उलटी नसते, पण स्वतःची प्रचंड शरम असते. पोरगेही यातून सुटलेले नाहीत. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी जेवण सोडून पावडरीवर राहणारी पोरं आपल्या वस्तीतही आहेत.

लोक म्हणतात, मनावर घेतलं तर खाईल. इथं शरीर कसं चालतं ते समजून घेतलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज या संशोधकानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं जवळजवळ पाव वजन उतरलं. पण खरा बदल मनात झाला. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती वाचू लागले, जेवण लांबवत खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी मंद झाली. पुन्हा जेवण मिळू लागल्यावर त्यातल्या काहींना किती खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. हे तरुण आधी मनानं ठणठणीत होते. उपासमारीनंच त्यांचं मन असं केलं.

म्हणजे डाएट म्हणून सुरू झालेली उपासमार काही आठवड्यांत मेंदूचा ताबा घेते. मग "खा की गं" म्हणून भागत नाही, आणि दोन थापडा मारून तर मुळीच नाही. पहिल्यांदा जेवण टाकलं तेव्हा मुलीनं ठरवलं असेल. सहा महिन्यांनी ठरवणं तिच्या हातात राहिलेलं नसतं.

आणि हा श्रीमंतांचाच आजार असता, तर फिजी बेटांवर जे घडलं ते घडलं नसतं. तिथं भरलेल्या अंगाच्या बाईला मान होता. नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेनं तिथल्या शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा वजनासाठी उलटी काढते असं एकीनंही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ११ टक्क्यांहून जास्त मुलींनी तसं सांगितलं. ही शेती आणि मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं होती. तिथं टीव्हीनं तीन वर्षांत हे केलं. आपल्या पोरींच्या हातात तर चोवीस तास मोबाईल आहे.

आपल्या पोरींना शरम कुणी शिकवली?

आपल्या मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पुस्तकात कमी सापडते. आपल्या अंगावर जात लिहिलेली होती. लुगडं कसं नेसायचं, कोणते दागिने घालायचे, हेही गावानं ठरवलेलं होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना वेगळं सांगितलं, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारं ते नेसणं आणि ते कथलाचे दागिने टाकून द्या, नीटनेटक्या राहा. आपल्या आज्यापणज्यांनी ते ऐकलं. शरीराचा अभिमान हा आपल्याकडे चळवळीचा भाग म्हणून आला.

आज त्याच घरातली नात "काळी", "जाडी", "काडी" हे शब्द ऐकत वाढते. शाळेत ऐकते, एसटीत ऐकते आणि दुर्दैवानं घरातही ऐकते. रंगावरून जात ओळखणारी माणसं अजून आहेत. फेअर अँड लव्हली नावाची क्रीम १९७५ पासून बाजारात होती. २०२० मध्ये तिचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं, पण "गोरी पाहिजे" ही मागणी आपल्या वधूवर मेळाव्यांतही तशीच आहे. पोरीचा बायोडाटा लिहिताना रंगाचा रकाना लागतोच. एक मावशी म्हणते, थोडी भरली पाहिजे. दुसरी म्हणते, बारीक झाली तर चांगलं स्थळ येईल. १९४२ साली नागपूरच्याच महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका म्हणून सांगितलं होतं. आपण घाई करतो, आणि वर पोरीच्या कंबरेचं माप काढतो.

खाण्याचीही शरम आहे. होस्टेलवर डबा उघडताना वास येईल, कुणी नाक मुरडेल, म्हणून न जेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात आपल्या लोकांचं अन्न नाव घेऊन मांडलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. आपलं जेवण हलकं, असं ज्या मुलीच्या मनात बसलं, तिला जेवण टाकायला वेगळं कारण लागत नाही.

उलट दिशेनं जाणारी माणसंही आहेत. जानेवारी २०२१ मध्ये विनोदी अभिनेत्री वनिता खरात यांनी आपल्या जाड शरीराची लाज न बाळगता एक फोटो काढून घेतला. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. फोटो आवडो न आवडो, जाड बाई म्हणजे हसण्याचा विषय हे त्यांनी नाकारलं. असं नाकारणं आपल्या पोरींना दिसलं पाहिजे.

उपोसथाच्या आडून

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. दीक्षा घेतल्यावर आपण जुने उपासतापास सोडले. वर्षावासात अनेक उपासिका अष्टशील पाळतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. प्रौढ, निरोगी बाईनं पौर्णिमेला ते केलं तर काही बिघडत नाही. पण अठरा वर्षांची मुलगी आठवड्यात तीन दिवस "आज माझं अष्टशील आहे" म्हणू लागली तर आईनं थांबून बघावं. या आजाराला आडोसा लागतो आणि धर्माचा आडोसा कुणी तपासत नाही. बाकी धर्मांत उपवासांचा असाच आडोसा होतो.

आपल्याकडे तर उत्तर आधीच दिलेलं आहे. सिद्धार्थ गौतमांनी वर्षानुवर्षं उपास करून शरीराचा सापळा केला. त्यातून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुजातेनं दिलेली खीर खाल्ली. सोबतचे पाच जण रागावून निघून गेले, तरी ते जेवले. मध्यम मार्ग म्हणताना ही खीर आपण विसरू नये. आजारी मुलीला व्रतातून मोकळं करण्यात धम्माचा काहीच भंग नाही, हे विहारातल्या भंतेजींनी आणि ज्येष्ठ उपासिकांनी मोठ्यानं सांगावं.

बोलणं आणि लिहिणं

बऱ्या होत असलेल्या काही मुली वहीत लिहितात. त्यांच्या आयांना भीती वाटते, हे बाहेर गेलं तर लग्न कसं होईल. मी त्यांना बेबीताई कांबळे यांची आठवण देते. फलटणच्या या बाईनं आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. "जिणं आमचं" १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात बाळंतिणीला खायला काही नसायचं तेही आहे. भुकेबद्दल लिहायला आपल्या बायकांनी लाज बाळगली नाही. आज त्यांची नात "मला खाताच येत नाही" असं लिहीत असेल, तर तेही त्याच रांगेतलं लिहिणं आहे. ते वाचायचं की नाही हे तिनं ठरवावं, आपण वही चोरून उघडू नये.

लिहिणाऱ्या मुलींनाही एक सांगणं आहे. किलो लिहू नका, किती दिवस उपाशी राहिले ते लिहू नका, आधीचा आणि नंतरचा फोटो कुणाला दाखवू नका. दुसरी आजारी मुलगी तेवढंच उचलते आणि तुमच्याशी शर्यत लावते. त्याऐवजी आज कुणासोबत जेवले, काय वाटलं, कोणता शब्द टोचला, कुणी साथ दिली हे लिहा. आणि वही हा उपचाराचा सोबती आहे, उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही.

घरी काय करावं

लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच साधे प्रश्न तयार केले. जगभर ते वापरतात. मुलीला एकटीला, प्रेमानं विचारा. पोट गच्च भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? आपण किती खातो यावर ताबा राहिला नाही असं वाटतं का? तीन महिन्यांत सहा किलोपेक्षा जास्त वजन उतरलं का? बाकीचे बारीक म्हणतात तेव्हा तुला जाड वाटतं का? जेवणाच्या विचारानंच दिवस व्यापला आहे का? दोन किंवा जास्त प्रश्नांना हो आलं तर डॉक्टरांकडे न्या. पाळी तीन महिने चुकणं, उन्हाळ्यातही थंडी वाजणं, अंगावर बारीक लव वाढणं, गालाखाली सूज, बोटांच्या मागच्या बाजूला घट्टे, जेवल्याबरोबर न्हाणीत जाणं, याही खुणा आहेत.

शरीरावर शेरा मारू नका, "आता छान भरलीस" असाही नको. तिच्या कानाला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं. दिवसातून एक जेवण तरी सोबत बसून करा. जेवताना मार्क, लग्न, वजन हे विषय नकोत. तरुण मुलींच्या उपचारात सध्या आईवडिलांनाच सोबत घेतात. काही काळ जेवणाची जबाबदारी घरच्यांनी घ्यायची आणि हळूहळू मुलीकडे परत द्यायची. म्हणजे आई इथं दोषी नसते, तीच उपचाराचा मोठा भाग असते.

एक धोका ध्यानात ठेवा. जी मुलगी बरेच दिवस जवळजवळ काहीच खात नव्हती, तिला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार अचानक घसरतात आणि हृदय बंद पडू शकतं. तिचं जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावं लागतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही न घेणं किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फोनवर मदत हवी असल्यास टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नागपूरला मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथं गेलं म्हणजे पोरगी वेडी ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा सरकारी उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क देतो. आपण हक्काची भाषा जाणणारी माणसं आहोत, हा हक्कही मागून घ्यावा.

मागणी

किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात पोषणही आहे आणि मानसिक आरोग्यही. महाराष्ट्रात त्याची मैत्री क्लिनिकं आहेत. माझी पहिली मागणी अशी की लोहाची निळी गोळी देताना तिथं हे पाच प्रश्नही विचारले जावेत. त्यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. परिचारिकेला एका दिवसाचं प्रशिक्षण आणि बसायला दार लागणारी खोली पुरेशी आहे. दुसरी मागणी समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांसाठी आहे. मेसमधलं ताट का परत जातं हे गृहपालांनी पाहावं आणि समुपदेशक महिन्यातून एकदा तरी तिथं यावी.

तिसरी मागणी आपल्या स्वतःकडे आहे. येत्या वधूवर मेळाव्यात बायोडाट्यातला रंगाचा आणि वजनाचा रकाना काढून टाकू या. भिवापुरात हे करायचं ठरलं तर अर्ज छापण्याआधी मला बोलवा, मी येते. शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी, न्यायासाठी लढणारी उद्याची पोरगी आज घरात उपाशी झोपत असेल, तर तिला जेवती करणं हेही चळवळीचंच काम आहे.